कोयत्याबरोबर गोळ्याही बांधा

दसरा-दिवाळी आली की आमच्या लिंबागणेश भागातून ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. उचल आधीच घेतलेली असते, मुकादमाचे फोन सुरू असतात. पीठ, भांडी, कोयते, लेकरं, सगळं गाडीत चढतं. मागं राहतात त्या बीपीच्या गोळ्या.

फडावर गेलो की मी हे विचारतोच. उत्तर ठरलेलं: "त्रास काहीच नाही सर, मग गोळी कशाला?" मेख इथंच आहे. बीपी वाढलेलं बहुतेकदा कळत नाही. किडनी खराब होताना दुखत नाही. पायावर सूज येऊन दम लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

किडनी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची चाळणी. दाब वाढला की चाळणी बिघडते. बिघडलेली किडनी मीठ-पाणी नीट बाहेर टाकत नाही, म्हणून दाब आणखी वाढतो. किडनीच्या बहुतेक रुग्णांना बीपी 130/80 च्या खाली ठेवायला सांगतात. लघवीतून प्रथिनं जात असतील तर टेल्मिसार्टनसारखी गोळी दाबाबरोबर ती गळतीही कमी करते. पण ती मनानं घ्यायची नाही, क्रिएटिनिन-पोटॅशियम तपासावं लागतं.

फडावर सगळं उलटं. उन्हात घाम, पाणी कमी, आणि अंग दुखलं की डायक्लोफेनॅक. या वेदनाशामक गोळ्या आजारी किडनीला आणखी मारतात, बीपीही वाढवतात. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. खरडा-लोणच्यावर भाकरी खाणाऱ्याला हे कोण सांगणार?

डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसतं, 2016 पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रमही आहे. चांगलंच आहे. पण आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर झोपणारा माणूस ऊस कधी तोडणार आणि उचल कशी फेडणार? बीपीची गोळी त्यापुढं काहीच महाग नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तर 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. गाड्या निघण्याआधी गावोगाव बीपी, लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन तपासा. किमान तीन महिन्यांच्या गोळ्या हातात द्या. सोबत असं कार्ड द्या, जे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही चालेल.

आणि मंडळी, तुमच्या घरातलं कुणी निघणार असेल, तर कोयता बांधायच्या आधी गोळ्यांची पिशवी बांधली का, एवढं विचारा.