बिग हाउसमधली एक जागा

शनिवार म्हणजे कपडे धुणं, आईला फोन आणि खिचडी! डेट्रॉइटला प्रोजेक्टवर येऊन तीन महिने झाले होते आणि माझे सगळे वीकेंड असेच जात होते. मग एका शुक्रवारी ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, "उद्या माझ्या बाबांबरोबर बिग हाउसला चल. एक तिकीट जास्तीचं आहे."

बिग हाउस म्हणजे ॲन आर्बरमधलं मिशिगन युनिव्हर्सिटीचं फुटबॉल स्टेडियम. अमेरिकेतलं सगळ्यात मोठं. क्षमता 1,07,601! तीन वानखेडे रिकामी करून इथे आणली, तरी जागा उरेल. आणि गावाची लोकसंख्या? जेमतेम सव्वा लाख.

सकाळपासून गावात जत्राच होती. लोकांच्या अंगणात गाड्या लावलेल्या, ग्रिलवर बर्गर चढलेले, जो तो निळ्या नाहीतर मक्याच्या पिवळ्या रंगात. पण उत्तरेकडून स्टेडियमजवळ पोचलो आणि मनात आलं, एवढंसंच? समोर फक्त एक बुटकी विटांची भिंत.

आत पाऊल टाकलं आणि थबकलेच. स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीत खणलेला आहे. रस्त्यावरून आत शिरलं की आपण थेट वरच्या रांगांत! विहिरीच्या काठावरून डोकावल्यासारखं वाटलं; फक्त पाण्याच्या जागी माणसंच माणसं.

1927 मध्ये हे उघडलं तेव्हा 72,000 लोकांसाठी बांधलं होतं. पण फील्डिंग योस्ट हा तिथला क्रीडा संचालक दूरचं बघणारा. लाखाच्या पुढे वाढवता येईल असा पाया त्याने तेव्हाच घालून घेतला. 8 नोव्हेंबर 1975 पासून इथल्या प्रत्येक मॅचला लाखाच्या वर गर्दी असते. अपवाद फक्त 2020 चा, कोविडचा.

बसायला बहुतेक ठिकाणी खुर्च्या नाहीत, लांबलचक बाक आणि त्यावर नंबर. आपल्या लोकलमधली चौथी सीट आठवा! पण माझ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी हसून सरकून जागा दिली. एका आजींनी तर मांडीवर स्वतःची शाल पसरली.

खेळ कळला असं म्हणणार नाही. म्हणायचं फुटबॉल आणि चेंडू हातात घेऊन पळायचं! मैत्रिणीच्या बाबांनी (मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणत होते) समजावलं, "चार प्रयत्नांत दहा यार्ड. बस्स." मग मीही इंच न् इंच मोजायला लागले.

"तुमचा आवडता खेळाडू कोण?" मी विचारलं.

"पोरं चार वर्षांत निघून जातात," काका म्हणाले. "मी शेजाऱ्यांना भेटायला येतो. ही रांग तीस वर्षं तीच आहे."

मग हळूच म्हणाले, "तू बसलीयस ती माझ्या बायकोची जागा. दोन वर्षं झाली तिला जाऊन. तिकीट मात्र मी दरवर्षी घेतो."

मला काय बोलावं कळेना. ते शाल देणं, ते सरकून घेणं... आत्ता लक्षात आलं.

काकांनीच विषय बदलला. क्षमतेच्या आकड्यातला शेवटचा 1 दिसला ना? ती जागा फ्रिट्झ क्रिस्लर या जुन्या कोचच्या नावाची. पण ती नेमकी कुठे आहे, कुणालाच माहीत नाही. "प्रत्येक रांगेला वाटतं, आपलीच," काका हसले.

तुम्हाला जायचं असेल, तर सप्टेंबर ते नोव्हेंबरमधला शनिवार पकडा. विमानतळापासून गाडीने एरवी अर्धा तास, पण मॅचच्या दिवशी दुपटीने वेळ हाताशी ठेवा. आणि नोव्हेंबरमध्ये जाड जॅकेट मस्ट!

रूमवर आल्यावर सहा वर्षं गप्प असलेल्या कॉलेज ग्रुपवर मेसेज टाकला, "जानेवारीत येतेय. गॅदरिंगला कोण कोण?" दोघांचं लगेच 'डन' आलं.

बाकीच्यांसाठी जागा धरून ठेवलीय.