अ‍ॅक्सोलॉटलच्या टाकीत तळाला काय घालायचं?

अ‍ॅक्सोलॉटल आणायचं तुमच्या घरात घाटत असेल, तर मुलांनी रंगीत खड्यांची फर्माईश एव्हाना केलीच असेल. गुलाबी, निळे, अंधारात चमकणारे. दुकानदारही टाकीबरोबर दोन किलोची पिशवी पुढे सरकवतो. ती पिशवी घेऊ नका. मी इतकं ठामपणे का सांगतेय ते कळायला हा प्राणी जेवतो कसा, ते आधी बघायला हवं.

अ‍ॅक्सोलॉटल हा मासा नाही. तो सॅलॅमँडर, म्हणजे बेडकाच्या लांबच्या नात्यातला उभयचर. बेडकाचं पिल्लू मोठं झालं की पाण्याबाहेर येतं. हा मात्र मानेपाशी झालरीसारखे कल्ले मिरवत जन्मभर पाण्यातच राहतो. त्याला चावता येत नाही. दात आहेत, पण ते फक्त घास निसटू नये एवढ्यापुरते. समोर काही हललं की तो झटक्यात तोंड उघडतो आणि पाणी आत ओढतो. पाण्याबरोबर गांडूळ जातं, आणि गांडुळाबरोबर आजूबाजूला जे पडलं असेल तेही. नजर अधू, सगळी भिस्त वासावर आणि पाण्यातल्या हालचालीवर. तेव्हा तळाला तुम्ही जे पसराल, त्यातलं थोडं त्याच्या पोटात जाणार हे धरूनच चालायचं.

आता वाटाण्याएवढा खडा डोळ्यांसमोर आणा. तोंडात सहज मावतो, घशातून उतरतो आणि आतड्यात अडकतो. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचा अ‍ॅक्सोलॉटल असाच गेला. आधी त्याने खाणं सोडलं, मग मागचा भाग वर करून तरंगायला लागला. एक्स-रेमध्ये पोटात चार पांढरे ठिपके दिसले. एक खडा आपोआप पडला, बाकीचे नाही. एवढ्याशा जिवाची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर शोधण्यात चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी शोधायची गरज उरली नाही. आमच्याकडे गुलाबी खड्यांवरून लेकीने धरलेला रुसवा त्या दिवशी संपला. मला काही बोलावंच लागलं नाही.

मग मोठे गोटे चालतील का? नियम असा सांगतात की दगड जनावराच्या डोक्यापेक्षा मोठा हवा, म्हणजे तो तोंडात घेताच येणार नाही. पूर्ण वाढलेला अ‍ॅक्सोलॉटल वीस ते तीस सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे गोटे चांगले मुठीएवढे लागतात. अडकायची भीती जाते, पण गोट्यांच्या फटींत उरलेलं अन्न आणि विष्ठा साचते. तिथे हात पोचत नाही, सायफनची नळी पोचत नाही. साचलेलं कुजून पाण्यात अमोनिया वाढतो आणि अमोनियाने कल्ले भाजल्यासारखे होतात. एखाददुसरा गोटा शोभेला ठेवा, संपूर्ण तळ गोट्यांचा करू नका.

काहीच न घालता काच उघडी ठेवणं हा सर्वांत सोपा पर्याय. लहान पिल्लांसाठी तर तोच एक पर्याय आहे. पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढेस्तोवर त्यांचं खाणं फार धांदरट असतं. घास पकडण्याच्या नादात ती तळाचं काहीही ओढून घेतात. उघड्या काचेवर घाण लगेच दिसते, औषधाच्या दुकानातल्या मोठ्या सिरिंजने ती ओढून घेता येते. पण मोठं जनावर पोहण्यापेक्षा चालतं जास्त. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्या पायांना पाच, नखं मुळीच नाहीत. गुळगुळीत काचेवर त्याचे पाय सरकतात, जसे ओल्या मोझॅकच्या फरशीवर आपले. शिवाय काच खालूनही प्रकाश परावर्तित करते आणि या प्राण्याला पापण्या नाहीत. डोळे मिटून घेणं त्याच्या हातात नाही. काच उघडी ठेवणार असाल तर निदान टाकीखाली बाहेरून काळा कागद लावा.

मधला मार्ग म्हणजे फरशी. चकाकी नसलेली, खडबडीत, पाटीच्या दगडाची असेल तर उत्तम. कोटा आणि कडप्पा आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतात, पण दोन्ही चुनखडीचे दगड. पाणी हळूहळू जड करतात. अ‍ॅक्सोलॉटलला थोडं जड पाणी मानवतं, तरी बोअरिंगचं पाणी आधीच जड असेल तर त्यात भर कशाला? कुठल्याही दगडावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा. फेस आला तर तो चुन्याचा. पांढऱ्या संगमरवरी चिपांचीही हीच गत. फरशीखाली घाण शिरते, म्हणून कडा बुरशीनाशक नसलेल्या, अ‍ॅक्वेरियमसाठीच्या सिलिकॉनने बंद कराव्या लागतात. एकदा हे काम नीट केलं की निश्चिंती.

आम्ही मात्र वाळू निवडली, आणि तुमचा अ‍ॅक्सोलॉटल मोठा असेल तर मी तुम्हालाही वाळूच सुचवीन. कण एक मिलिमीटरपेक्षा बारीक हवा, हाताला बारीक रव्यासारखा लागणारा. एवढी वाळू पोटात गेलीच तर विष्ठेतून बाहेर पडते. पाय रुततात, चाल स्थिर होते. याचं मूळ घरही आठवा: मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोचे कालवे. तळाला मऊ गाळ, आणि तोच गाळ उपसून शेतकऱ्यांनी शतकानुशतकं पाण्यात उभारलेली चिनाम्पा नावाची शेतं. त्या कालव्यांत १९९८ च्या मोजणीत चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार अ‍ॅक्सोलॉटल होते, २०१४ च्या मोजणीत जेमतेम ३६. पाणी घाण झालं आणि बाहेरून आणून सोडलेल्या कार्प आणि तिलापिया माशांनी अंडी-पिल्लं फस्त केली. मेक्सिकोच्या पन्नास पेसोंच्या नोटेवर आज त्याचं चित्र आहे. मुलांना हे सांगा. बहुतेक मुलांना हा प्राणी मोबाइलच्या गेममधूनच माहीत असतो.

याच धोक्यामुळे त्याची खरेदी-विक्री आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या परिशिष्टात येते, आणि आपल्याकडे अशा परदेशी प्राण्यांची नोंद परिवेश पोर्टलवर करावी लागते. त्याचे नियम २०२४ मध्ये आले. पावती आणि प्राण्याचे कागद मागून घ्या. दुकानदार काचकूच करायला लागला तर दुसरं दुकान बघा.

पुन्हा वाळूकडे. बांधकामाची नको, तीत माती आणि नको ते मिसळलेलं असतं. समुद्राची नको, मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. रंगवलेली तर नकोच. पाण्याच्या फिल्टरसाठी मिळणारी सिलिका वाळू घ्या, पण तिच्यात जाड दर्जाही असतो, म्हणून दाणा बघून घ्या. घरी आणल्यावर बादलीत धुवा. आधी पाणी ताकासारखं गढूळ निघेल, मग पन्ह्यासारखं, मग स्वच्छ. बारा-पंधरा पाणी तरी लागतात. या कामाला मुलांना लावा, हौसेने करतात. आमच्याकडे अर्धी गच्ची ओली झाली होती.

थर दोन-तीन सेंटिमीटरचाच ठेवा. जाड थरात खाली प्राणवायू पोचत नाही, तिथे कुजकट वासाचा विषारी वायू साठतो. आठवड्यातून एकदा जेवणाच्या काट्याने वाळू हलकेच उकरा. तो काटा पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, एवढं पाहा. विष्ठा वाळूवरच पडून राहते, खाली जात नाही. सिरिंजने वरच्या वर उचलता येते. पाणी भरताना वाळूवर एक बशी ठेवा आणि धार बशीवर सोडा, नाहीतर सगळी वाळू एका कोपऱ्यात.

वाळू कितीही उत्तम असली तरी पाणी गरम असेल तर तिचा उपयोग नाही. या जनावराला सोळा ते अठरा अंश मानवतात, वीसच्या वर त्रास सुरू होतो. आम्ही बडोद्यात राहतो. मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीच्या पुढे असतं. चिलर घेतल्याशिवाय आम्ही प्राणी आणलाच नाही, आणि चिलर टाकीपेक्षा महाग पडला. गरम पाण्यात तळाची घाणही झपाट्याने कुजते. तुमच्या गावचा उन्हाळा असाच असेल आणि चिलरचा खर्च झेपणारा नसेल, तर वाळूचा विचारच नको. फायटर मासा आणा, तोही लाघवी असतो.

एवढं सगळं करूनही वाळू पोटात जेवढी कमी जाईल तेवढं बरं. म्हणून आम्ही त्याला थाळीत जेवू घालतो. चहाची एक जुनी काचेची बशी कोपऱ्यात वाळूत रुतवून ठेवली आहे. लेक लांब चिमट्याने बशीवर गांडूळ धरते. पहिले काही दिवस तो बशी सोडून भलतीकडेच तोंड मारायचा. साधारण दोन आठवड्यांत त्याला बशी कळली. आता संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला तो आपणहून वाळूवरून डुलत येतो आणि बशीत पुढचे दोन पाय टेकून बसतो.