एकजीव आणि सांधा

चांगल्या मिश्रणाची पारख मराठीत एकाच शब्दाने होते: एकजीव. सारण एकजीव व्हावे, पीठ एकजीव मळले जावे, आणि परक्या गावी गेलेल्या माणसानेही दुधात साखर विरघळावी तसे राहावे, अशी आपली अपेक्षा असते. बहुवारिकांवरील, म्हणजे पॉलिमरांवरील, एका प्रकरणाचे मराठीकरण करायला घेतले तेव्हा हाच शब्द वाटेत उभा राहिला. दोन न जुळणाऱ्या प्लॅस्टिकांच्या मिश्रणात थोडेसे घातले की ते मिश्रण टिकाऊ होते, अशा द्रव्याला इंग्रजीत ‘कम्पॅटिबिलायझर’ म्हणतात. ‘एकजीवक’ हा प्रतिशब्द अगदी हाताशी होता. परंतु त्या मिश्रणात प्रत्यक्ष जे घडते, ते या शब्दाशी मुळीच जुळत नाही.

साखर दुधात विरघळते, त्याला तिच्या रेणूचे लहानपण बरेचसे कारणीभूत असते. सुट्या, लहान रेणूंना विखुरण्याच्या असंख्य तऱ्हा उपलब्ध असतात आणि निसर्गाचा कल अशा विखुरण्याकडेच असतो. प्लॅस्टिकच्या रेणूला हे सुख नाही. त्याच्या साखळीतले हजारो अणू एकमेकांना बांधलेले असतात. एकाने जागा बदलायची तर शेजाऱ्यांना बरोबर न्यावे लागते. त्यामुळे मिसळण्यातून मिळणारे स्वातंत्र्य नगण्य ठरते, आणि दोन साखळ्यांमध्ये एरवी लक्षातही न येणारी नावड असली, तरी ती त्यांना वेगळे ठेवायला पुरते. पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी १९४०च्या दशकाच्या आरंभी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे गणितात मांडले.

पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही जोडी याचे ठळक उदाहरण आहे. दोन्ही केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांचीच बनलेली. फरक इतकाच, की पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनवर एक लहानशी फांदी असते. दुधाची पिशवी पहिल्याची, सिमेंटची विणलेली गोणी दुसऱ्याची. भंगारात ती एकत्र येतात. पाण्याच्या टाकीत बाटल्यांचे पेट प्लॅस्टिक बुडते आणि सहज वेगळे होते. ही दोन मात्र पाण्याहून हलकी, म्हणून दोन्ही तरंगतात. एकत्र वितळवून दाणे पाडावेत, तर त्यांपासून केलेली वस्तू ताण येताच तुटते. असा तुकडा द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून मोडला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिला, की कारण उघड दिसते. एका प्लॅस्टिकमध्ये दुसऱ्याचे गुळगुळीत गोल मणी, आणि जिथले मणी निघून गेले तिथे तितकेच गुळगुळीत खळगे. अशी छायाचित्रे मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नजर मण्यांपेक्षा खळग्यांवरच अधिक रेंगाळली. शेजार होता, पण कुणी कुणाला धरलेले नव्हते.

येथे सहबहुवारिकाचे काम सुरू होते. त्याच्या साखळीचा एक भाग पहिल्या जातीचा, दुसरा भाग दुसऱ्या जातीचा. कुठल्याही एका बाजूला त्याला पूर्ण चैन पडत नाही, म्हणून ते नेमके सीमेवर जाऊन बसते. तेथे सीमेवरचा ताण कमी होतो, मणी बारीक होतात आणि एकमेकांत मिसळून पुन्हा मोठे होत नाहीत. शिवाय त्याची दोन टोके दोन्हीकडच्या साखळ्यांत गुंततात. मात्र ही टोके पुरेशी लांब हवीत. तोकडी असतील तर मणी बारीक होतील खरे, पण ओढ बसताच तोकड्या टाक्यासारखी ती निसटतील. आणि हे द्रव्य प्रमाणाबाहेर घातले, तर त्याचे रेणू सीमा सोडून आपापसांतच पुंजके करून बसतात.

कधी हे द्रव्य बाहेरून न घालता जागीच घडवले जाते. ठिसूळ पॉलिस्टायरीन चिवट करायचे तर स्टायरीनमध्ये आधी रबर विरघळवतात. मग स्टायरीनच्या साखळ्या वाढताना काही रबरावरच कलमासारख्या रुजतात. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्यासाठी २०१७ साली कॉर्नेल विद्यापीठातील जेफ्री कोट्स, मिनेसोटा विद्यापीठातील फ्रँक बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींचे खंड आलटून पालटून जोडलेली चार खंडांची साखळी तयार केली. शंभरात एक भाग एवढी ती घातली, तरी ठिसूळ मिश्रण चिवट झाले.

यातून भंगार निवडणाऱ्या हातांची गरज संपते, असा अर्थ मात्र काढू नये. प्रत्येक जोडीला तिच्या ओळखीचे सहबहुवारिक लागते. पॉलिथीन-पॉलिप्रॉपिलीनला जोडणारी साखळी पेट किंवा पीव्हीसीला ओळखत नाही. वेगळे काय आहे हे आधी कळल्याशिवाय जोडता येत नाही, आणि ते कळण्याचे काम अनेक ठिकाणी आजही कचरावेचकांची नजर आणि बोटे करतात.

असो. प्रतिशब्दासाठी शेवटी मी ‘सांधक’ लिहिले. सांधलेल्या वस्तूत दोन्ही भाग आपापल्या जागी राहतात, सांधाही दिसतो, आणि तो भार पेलतो. माणसांचे समाज म्हणजे रेणूंची मिश्रणे नव्हेत, हे मला ठाऊक आहे. तरीही दुधातल्या साखरेचा दाखला कुणी दिला, की आता मनात येते: लांब साखळ्यांकडून, म्हणजे ज्यांच्या मागे भाषा, रीती आणि आठवणी बांधलेल्या आहेत त्यांच्याकडून, विरघळण्याची अपेक्षा आपण का धरतो? दोन्ही भाषा पुरेशा खोल जाणणारा एखादा दुभाष्या सीमेवर असला, तर कुणीही न विरघळता मिश्रण टिकू शकते. एकजीव होणे ही मिश्रणाची एक तऱ्हा आहे. चांगल्या मिश्रणाची ती एकमेव कसोटी नव्हे.