खलनायकाचा चाहता

चाहत्याची जात मोठी गमतीची. वसईच्या किल्ल्यालगत, आमच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात, बोंबील वाळत घालताना चित्रपटांच्या गप्पा रंगत. निळू फुले यांचे नाव निघताच आजीचा हात चपलेकडे जाई. पडद्यावर त्यांनी छळलेल्या प्रत्येक बाईचा हिशेब तिच्यापाशी होता. मी त्यांचा चाहता. म्हणून त्या हिशेबातले दोन शब्द माझ्याही वाट्याला येत.

प्रत्यक्षातले निळू फुले (१९३०–२००९) राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते होते. पुण्यात त्यांनी माळीकामही केले होते. ‘सामना’मध्ये ते साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील झाले आणि ‘सिंहासन’मध्ये (१९७९) सत्तेचा खेळ पाहून खचणारे पत्रकार दिगू टिपणीस. दोन्ही पटकथा विजय तेंडुलकरांच्या, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. माणूस तोच, पात्रे दोन टोकांची.

आजी फसली, असे तुम्ही म्हणाल. मला तसे वाटत नाही. तिचा राग खरा होता, पत्ता तेवढा चुकला होता. असे सरंजामी पाटील तिने पडद्याबाहेरही पाहिले असणार.

आपली चूक अधिक महागाची. आपण नायकाचे शौर्य नटाच्या खात्यावर जमा करतो आणि मग तेलापासून मतापर्यंत तो सांगेल ते घेतो. आजीने आपला विवेक कोणाकडे गहाण टाकला नव्हता.

म्हणून कोणतेही पात्र आवडले वा खुपले, तर आधी विचारा : ही भावना नेमकी कोणाविषयी आहे? साहित्याचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.