दुसरं बटण कोणाचं?

मैत्रिणींनो, घरात कोणाची कुठली जागा हे कुठं लिहून ठेवलेलं नसतं, तरी सगळ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. झोपाळ्याची उजवी बाजू मामंजींची, पंख्याखालची खुर्ची ह्यांची, टीव्हीसमोरचा लोड मुलांचा. आणि आपली जागा? जी रिकामी असेल ती! याचं मला कधी फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते एका सीटवरून. मोटारीतल्या, चालवणाराच्या सीटवरून. सीट ती सीट, त्यात लिहिण्यासारखं काय, असं म्हणाल. पण हल्लीच्या काही गाड्यांतल्या सीटला चक्क आठवण असते, आणि ती आठवण कोणाची ठेवायची हा प्रश्न शेवटी घरातच सोडवावा लागतो.

दीड वर्षापूर्वी आमच्याकडे अशी गाडी आली. नवी कोरी नव्हे, वापरलेली. पण वरच्या मॉडेलची आणि बिनक्लचची. ह्यांचा सांगलीत हळदीचा व्यापार, त्यामुळे बाहेरगावच्या फेऱ्या फार. मी आठवड्यातून तीन दिवस मिरजेच्या एका शाळेत शिकवायला जाते. लायसन्स लग्नानंतर सात वर्षांनी काढलं आणि बरेच दिवस ते कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी तितकंच जपून ठेवलं होतं.

पहिले काही दिवस नुसते कौतुकात गेले. इंजिन बंद करून दार उघडलं, की चालवणाराची सीट आपण होऊन चार बोटं मागं सरकते. स्टिअरिंग आणि पोट यांच्यामध्ये जागा होते, निऱ्या सावरून सावकाश पाय खाली टेकता येतो. पुन्हा बसून दार लावलं, इंजिन सुरू केलं, की घुंऽऽ असा बारीक आवाज करत सीट आपल्या ठरल्या जागी परत येते. महागड्या गाड्यांत तर स्टिअरिंगसुद्धा वर उचललं जातं म्हणे. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "अगं, ही तर पाहुण्यांना पाट सरकवून देणाऱ्या सुनेसारखी आहे!"

आपल्याकडे ही सोय आता मोटारींच्या शोरूममध्ये सहज दिसते. महिंद्रच्या २०२१ सालच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये ती होती, टाटांच्या २०२३ च्या हॅरिअरमध्येही आली. पण कल्पना मुळीच नवी नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या थंडरबर्ड गाडीत १९५७ सालीच अशी सीट मिळत असे. किल्ली बंद केली की मागं, सुरू केली की ठरवलेल्या जागी पुढं. म्हणजे आपल्या आया चुलीपुढं फुंकणीनं जाळ घालत होत्या तेव्हा तिकडं खुर्ची बाईसाहेबांना उतरायला वाट करून देत होती!

यात जादू काही नाही. सीटखाली लहान लहान मोटारी असतात: एक मागं-पुढं करणारी, एक वर-खाली करणारी, एक पाठ कलती करणारी. प्रत्येक मोटार किती फिरली याची मोजणी होते आणि तो आकडा जपून ठेवला जातो. बटण दाबलं की त्या आकड्यापर्यंत मोटार फिरते आणि थांबते. आपण पोळ्यांना कणीक भिजवताना वाटीचं माप धरतो ना, तसंच. माप मात्र एकदा कोणीतरी घालून द्यावं लागतं. आणि आमचं घोडं नेमकं तिथंच अडलं.

आमच्या गाडीत मापाची बटणं दोन. एक आणि दोन. घरात गाडी चालवणारी माणसंही दोन. हिशोब सरळ होता. पण मी पाहिलं तर दोन्ही बटणं ह्यांचीच! पहिलं गावात चालवायचं, सीट जरा उंच. दुसरं हायवेचं, सीट जरा आरामशीर मागं कललेली. हे पाच फूट दहा इंच, मी जेमतेम पाच फूट. ह्यांचं कुठलंही बटण दाबलं तरी माझा पाय ब्रेकवर पुरता टेकत नाही.

मी म्हटलं, "अहो, एक बटण मला द्या."

"तुला कशाला? आठवड्यातून तीनदा तर जातेस. तेवढ्यापुरती पुढं घेत जा की."

बरं, पुढं घ्यायची. पण पुढं घ्यायची म्हणजे सीट पुढं, मग वर, मग पाठ सरळ, मग तिन्ही आरसे. साडेसातची शाळा, मुलांचे डबे, दूधवाल्याचा हिशेब, आणि हे रोज! संध्याकाळी ह्यांना मात्र एकच बटण दाबायचं. तरी वर घरात येऊन विचारायचं, "सीट कोणी हलवली?" गाडी चालवणारी माणसं दोन, त्यांतलं एक प्रश्न विचारतंय, आणि तरी म्हणे "कोणी"!

एवढ्याशा गोष्टीवरून काय कटकट, असं मनात आलं असेल तर जरा थांबा. यात नुसत्या मानापमानाचा प्रश्न नाही. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आणि पुरुषांची त्याहून साधारण पाच इंचांनी जास्त. त्यामुळे नवऱ्याच्या मापाच्या सीटवर घाईत बसलेल्या कितीतरी जणी तुम्हाला दिसतील. कोणी काठावर सरकून बसते, कोणी पाठीमागं उशी घेते, कोणी टाच उचलून बोटांनी ब्रेक दाबते. काठावर बसलं की छाती स्टिअरिंगच्या अगदी जवळ येते. त्या स्टिअरिंगच्या पोटात एअरबॅग असते; आपल्याकडच्या नव्या गाड्यांना चालकासाठी ती २०१९ पासून सक्तीची झाली. धडक बसली की ती पापणी लवायच्या आत फुगते, आणि अगदी जवळ बसलेल्या माणसाला जोराचा मार देऊ शकते. म्हणून छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत निदान दहा इंच, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवा, असं अमेरिकेतलं रस्तासुरक्षेचं सरकारी खातं सांगतं.  उशीचंही तसंच. ऐन ब्रेकच्या वेळी ती सरकली तर आधार जातो.

हे सगळं मी एका रविवारी जेवताना शांतपणे ह्यांच्यापुढं मांडलं. हे आमटी भुरकत म्हणाले, "अगं, पण हायवेला मला..." तेवढ्यात पलीकडून सासूबाई बोलल्या. त्यांच्या गुडघ्याच्या दुखण्यापायी महिन्यातून एकदा मिरजेच्या दवाखान्यात जावं लागतं, आणि ह्यांच्या फिरतीमुळे नेते मीच. "अरे, बटणं दोन आणि चालवणारी दोघं. यात विचारायचं काय? मला घेऊन जाते ती. तिचा पाय ब्रेकला पोचायला नको?"

आमटीची वाटी खाली ठेवली गेली. त्याच दुपारी दुसरं बटण माझं झालं.

तुम्हालाही माप घालायचं असेल तर घाईगर्दीत घालू नका. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा. रोज गाडी चालवताना जी चप्पल असते तीच पायात हवी. कंबर सीटला पूर्ण टेकवून बसा. ब्रेक शेवटपर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढं घ्या. मग उंची. बॉनेटपलीकडचा रस्ता नीट दिसला पाहिजे. पाठ टेकलेली ठेवून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावं. दहा इंचांचं अंतर भरत नसेल तर सीटची पाठ थोडी मागं कलती करा. मग आरसे लावा. काही गाड्यांत बाहेरचे आरसेही त्याच बटणात लक्षात राहतात. एवढं झालं की सेटचं बटण आणि लगेच आपला आकडा दाबायचा. पुष्कळ गाड्यांत बारीकसा आवाज होतो. झालं तुमचं माप!

आता उतरतानाची काळजी. गंमत अशी, की ह्यांची सीट मुळात इतकी मागं असते, की त्यांच्या वेळी ती फारशी सरकतच नाही. मी मात्र पुढं बसणार, म्हणून माझ्या वेळी ती चांगली चार बोटं मागं जाते. सासूबाई माझ्या मागं बसल्या होत्या त्या दिवशी त्यांनी "अगं बाई, ही खुर्ची माझ्या अंगावर येतेय!" म्हणून हाक मारली. मी सीटचं बटण दाबून ती थांबवली. आमच्या गाडीत कुठलंही बटण दाबलं की ती जागच्या जागी थांबते. तुमच्या गाडीचं काय ते पुस्तिकेत आधीच पाहून ठेवा. तेव्हापासून त्या डाव्या बाजूला ऐसपैस बसतात. चालवणाराच्या मागं लहान मूल बसत असेल, तर हे आपोआप सरकणं गाडीच्या पडद्यावरच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं का पाहा. पुष्कळ गाड्यांत येतं. सीटमागं डब्याची पिशवी ठेवत असाल तर तीही आधी काढा. नाहीतर वरणाचा डबा आडवा! आणि सीट हलत असताना गाडी काढू नका. ती थांबू दे, मग निघा.

काही गाड्यांत ही आठवण किल्लीशी जोडलेली असते. पुण्याच्या माझ्या मावसबहिणीकडे तशी आहे. चुकून नवऱ्याची किल्ली उचलली की सीट मागं मागं जाते आणि पाय अधांतरी. तिनं आपल्या किल्लीला लाल लोकरीचा गोंडा बांधलाय, खुंटीही वेगळी केलीय. उपाय साधा, खर्च शून्य. गाडी गॅरेजातून आली की मात्र आपलं बटण दाबून खात्री करावी. बॅटरी काढली असेल, तर काही गाड्यांत माप पुन्हा घालावं लागतं.

हल्ली मी सकाळी गाडीत बसते, दोनचं बटण दाबते आणि सीट माझ्या मापाला येईपर्यंत केसांचा चाप नीट करते. पाच-सात सेकंदांचं काम. पण तेवढ्या वेळात "कोणाची तरी गाडी घेऊन चाललेय" ही भावना निघून जाते. तुमच्याही गाडीत अशी बटणं असतील, तर आज संध्याकाळी जाऊन दाबून बघा. दोन्हींवर एकाच माणसाचं माप निघालं, तर रविवारच्या आमटीपर्यंत वाट पाहू नका.