स्पीकरवर गोवा, गाडी पोहरादेवीला!

चैत्रातला लाँग वीकेंड दिसायला लागला की ऑफिसच्या ग्रुपवर एकच शब्द फिरतो. गोवा! मग हॉटेलांचे रेट येतात, त्यावर रडके स्मायली येतात आणि शेवटी सगळे जण घरीच झोपा काढतात. यंदा आम्ही दोघींनी यावर सॉलिड तोडगा काढला. गोवा लावला गाडीच्या स्पीकरवर आणि गाडी घातली थेट विदर्भात. पोहरादेवीला!

'कुठे?' असं तुमच्या तोंडून निघालं असेल, तर त्यात नवल नाही. पुण्या-मुंबईच्या वीकेंड लिस्टमध्ये हे नाव नसतंच. जिल्हा वाशिम, तालुका मानोरा. बंजारा समाजाची ही काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचं मंदिर इथे आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, कर्नाटक, आंध्रातूनही माणसं येतात. माझ्या टीममधली मैत्रीण याच भागातल्या एका तांड्यातली. तिचं लग्न ठरलंय. 'आधी पोहरादेवीला जाऊन ये, मग पत्रिका छाप,' असा घरून हुकूम सुटला. ती निघाली आणि मी तिला चिकटले.

पिवळ्या स्कूटरवरचा रॉकस्टार

गाडीत रेमो फर्नांडिस होता. आमच्या पिढीला तो हिंदी सिनेमातल्या दोन-चार गाण्यांपुरता माहीत. पण त्याच्या जुन्या अल्बमांची गोष्ट भन्नाट आहे. 1984 साली त्याने 'गोअन क्रेझी' नावाची कॅसेट काढली. गोव्यातल्या शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर. शब्द त्याचे, चाली त्याच्या, वाद्यं त्याने वाजवलेली, मागचे आवाजही त्याचेच. कव्हरही त्यानेच काढलं. मग पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून हा पठ्ठ्या दुकानोदुकानी फिरला. आज ज्याला आपण 'इंडी' म्हणून कॉलर ताठ करतो ना, ते त्याने तेव्हाच करून टाकलं होतं!

चाली पॉप-रॉक, एकदम गुणगुणण्याजोग्या. पण शब्दांकडे लक्ष गेलं की हसता हसता घास अडकतो. 'ओड टू ग्रॅहम बेल' हे गाणं टेलिफोनच्या संशोधकाला वाहिलेलं आणि विषय काय, तर आपल्याकडचे कधीच न लागणारे फोन. 1986 चा 'पॅक दॅट स्मॅक' गर्दच्या व्यसनावर. विषय जीवघेणा आणि ताल असा, की पाय आपोआप हलतात. (त्याच वर्षी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, यावरून तेव्हाचं वातावरण लक्षात येईल.) ऐंशीच्या दशकातच त्याने राजीव गांधींपुढे गोव्याची गाऱ्हाणी चक्क गाऊन मांडली. इथल्या काही जणांना ते झोंबलं, पण खुद्द पंतप्रधानांनी गाणं आवडल्याचं पत्र पाठवलं.

फंडा साधा आहे. ज्या तक्रारीला कुठलीच खिडकी नसते, तिला चाल लावायची. लोक आधी नाचतात आणि मग घरी जाऊन विचार करतात.

आम्ही समृद्धी महामार्गावरून शेलूबाजारला उतरलो आणि मंगरुळपीर, मानोरा करत पुढे निघालो. उन्हाने रस्ता थरथरत होता. मैत्रीण अचानक म्हणाली, "आमच्याकडे असले रेमो घरोघरी होते. फक्त कॅसेट नाही काढली कुणी."

वीस रुपयांची भविष्यवाणी

पोहरादेवीत पोचलं की आधी दिसतात ते पांढरे झेंडे. सेवालाल महाराजांची ती खूण. मग गर्दी, धूळ, नारळ, उसाचा रस आणि चहूबाजूंनी 'जय सेवालाल'! आरसे आणि कवड्या लावलेल्या घागऱ्या-कांचोळीतल्या आज्या आणि त्यांचा हात धरून चालणाऱ्या जीन्समधल्या नाती. भोगाच्या धुराचा तुपकट वास अंगालाच चिकटतो.

सेवालाल महाराजांचा जन्म 1739 चा मानतात. 15 फेब्रुवारीला त्यांची जयंती असते. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या व्यापाऱ्यांचा हा समाज. लमाण हे नावही लवण म्हणजे मिठावरून आलं असं सांगतात. पुढे रेल्वे आली आणि बैलांच्या तांड्यांचा धंदा बसला. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. काही भागांत बंजाराही त्यात सापडले. तो कायदा 1952 मध्ये गेला. पुढे याच समाजातले, जवळच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. आणि याच समाजातली कितीतरी कुटुंबं आजही दरवर्षी ऊसतोडीला गाव सोडतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मंडपात एक भजनी मंडळ रंगात आलं होतं. भाषा गोरबोली. मैत्रीण कानात भाषांतर करत होती. सेवालाल महाराजांचे बोल म्हणून जी भाकितं सांगितली जातात, त्यांतलं एक असं, की असा दिवस येईल जेव्हा वाटीभर पाणीसुद्धा पैसे मोजून घ्यावं लागेल. ऐकताना माझ्या हातात नुकतीच घेतलेली वीस रुपयांची बाटली होती! शेजारच्या काकूंनी माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. ब्लॅक ह्यूमर म्हणतात तो हाच, बॉस.

नगाऱ्याच्या पोटात

इथलं नवं आकर्षण म्हणजे बंजारा विरासत संग्रहालय. 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेली ही चार मजली इमारत चक्क नगाऱ्याच्या आकाराची आहे. आत 13 दालनं. तांड्याचं जगणं, पेहराव, समाजाचे पुढारी, चळवळी. आपला इतिहास असा एसीत, नीट प्रकाशात मांडलेला पाहताना म्हाताऱ्या माणसांचे चेहरे काय उजळतात! मी दालनांपेक्षा तेच जास्त पाहत होते.

गाणं मात्र संग्रहालयात ठेवता येत नाही. त्याला गाणारं माणूस लागतं. ते आम्हाला संध्याकाळी तांड्यावर भेटलं. मैत्रिणीची आजी.

बंजारा गाण्यांचे दोन प्रकार तुम्हाला सांगायलाच हवेत. होळीला गातात ती लेंगी. टिंगल, टोमणे, नावं ठेवणं, सगळं तालात आणि सगळ्यांसमोर. आणि लग्नात निरोपाच्या वेळी नवरी गाते तो ढावलो. रडणं आणि गाणं एकत्र. बापाचं घर, आईची कूस, सुटणारा तांडा, सगळ्यांचा हिशेब त्यात होतो. मैत्रिणीला घरचे म्हणत होते, तूही ढावलो गा. तिचं म्हणणं, "मी कशाला रडू? मला चाळीस हजारांचा हप्ता आहे, नवरा माझ्याच मजल्यावर बसतो. मी सोडून जातेय ते फक्त भाड्याचं घर!"

आजीने तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरी, रडाचं हाय त चालीत रड. फुकट कायले रडतं?"

मग तिने स्वतःच्या लग्नातला ढावलो धरला. आवाज चिरका, पण पक्का. अंगणातल्या बाया गप्प झाल्या. एकीने डोळे पुसले. आणि मध्येच, एका ओळीवर, सगळ्या खदखदून हसल्या! मी मैत्रिणीकडे पाहिलं, भाषांतरासाठी. ती गप्प होती. तिला ती ओळ कळलीच नव्हती.

सातवीपासून होस्टेल, मग पुणे, मग इंग्रजी मीटिंगा. गोरबोली उरली ती 'याडी, जेवलीस का' एवढी. रडणं तिला समजलं, विनोद निसटला. भाषा हातातून सुटायला लागली की पहिल्यांदा विनोदच जातो, नाही का? तुमच्या घरात मालवणी असो, अहिराणी असो की कोकणी, आजीच्या जोकवर तुम्ही शेवटचं कधी हसलात ते आठवून पाहा.

तिने आजीला ती ओळ तीनदा म्हणायला लावली. अर्थ असा निघाला की सासर कसं आहे ते माहीत नाही, पण तिथला बैल मी बघून ठेवलाय, तो बरा वाटला. आम्ही दोघी फुटलो! आणि मग मैत्रीण जरा जास्तच वेळ हसत राहिली, डोळे पुसत.

"पण मला तुझाच पाठ करायचा का?" तिने विचारलं. आजी म्हणाली, चाल जुनी घे, दुःख तुझं घाल. दुसऱ्याचं दुःख कशाला पाठ करायचं?

परतीच्या रस्त्यावर स्पीकरवर रेमो नव्हता. मैत्रिणीच्या मोबाईलमधलं आजीचं रेकॉर्डिंग होतं, कुत्र्याच्या भुंकण्यासकट. जालन्याजवळ तिने ते थांबवलं आणि जाहीर केलं, "पहिलं कडवं होम लोनवर."

चाल आजीची आहे. शब्दांवर काम चालू आहे. लग्नाला मी पहिल्या रांगेत!

कसं जाल?

समृद्धी महामार्गावरून शेलूबाजार किंवा कारंजाला उतरा आणि मानोऱ्याच्या दिशेने निघा. रेल्वेने वाशिम गाठलं तर पुढे रस्त्याने. रामनवमीला तुफान गर्दी असते. शांतपणे पाहायचं तर पावसाळा संपल्यावर जा. जवळच्या उमरीलाही समाजाची श्रद्धास्थानं आहेत, तीही पाहून घ्या. टोपी मस्ट. आणि हो, पाण्याची बाटली घरून भरून न्या. भाकीत तेवढंच एका दिवसाने लांबेल!