आधी कोण?

हे डे नावाच्या मोबाईल गेममध्ये गहू दोन मिनिटांत पिकतो आणि ऊस अर्ध्या तासात. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या पलूसला आडसाली लागण केली की ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. त्यामुळे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुतण्याने हा गेम माझ्या मोबाईलवर घालून दिला, तेव्हा त्यातली शेती मला फारशी पटली नाही. मला धरून ठेवलं ते त्यातल्या बाजाराने.

मार्च संपत आला होता. थॉमसन द्राक्षाची बाग काढणीला आलेली, घडांत साखर उतरलेली, आणि व्यापारी नाही. गाड्या अडलेल्या, मोठ्या शहरांतली मार्केटं बंद किंवा अर्धवट. शेवटी भागात बहुतेकांनी केलं तेच आम्ही केलं. माल उतरवून कवठेमहांकाळकडच्या शेडवर बेदाण्याला टाकला. त्या दिवसांत रात्री घरात कुणाला धड झोप नसायची. बागेचा हिशोब माझ्याकडे असतो. मी वही घेऊन बसायची आणि वही मिटली की मोबाईल उघडायची.

या गेममध्ये प्रत्येक खेळाडूच्या शेताला लागून रस्त्याच्या कडेला एक दुकान असतं. दुकानात खोकी मांडलेली. एका खोक्यात जास्तीत जास्त दहा नग ठेवायचे आणि भाव आपण सांगायचा. वरची मर्यादा सुपरसेल या फिनलंडच्या कंपनीने बांधून दिलेली आहे, तिच्यापुढे जाता येत नाही. खाली मात्र एका नाण्यापर्यंत येता येतं. गेममध्येच एक वर्तमानपत्र निघतं, त्यात जाहिरात द्यायची, आणि ती वाचून कुठल्याही देशातला खेळाडू आपल्या दुकानावर येतो. घासाघीस नाही, दलाल नाही. त्याने खोक्यावर बोट ठेवलं की त्याच क्षणी त्याची नाणी कापली जातात, माल त्याच्या कोठारात जातो आणि आपले पैसे खोक्यात येऊन थांबतात. उधारी करायची म्हटली तरी करता येत नाही.

द्राक्षवाल्याच्या घरातल्या बाईला ही गोष्ट साधी वाटणार नाही. आमच्याकडे व्यापारी बागेत येतो, मणी चाखतो, मीटर लावून गोडी बघतो, चार किलोच्या पेटीला भाव बोलतो. मग काढणी, वजन, गाडी रवाना. आपल्या हातात राहते ती वजनाची चिठ्ठी. पैसे आठवड्याने, पंधरवड्याने, कधी हंगाम संपल्यावर. माल आधी आमचा जातो, नेहमीच आमचा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघत होते. ते असंच असतं असं मानून चालले होते. समोर एक बाजार असा आला की जिथे विकणाऱ्याला एका क्षणाचाही धोका पत्करावा लागत नाही, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, आपल्याकडेच हा धोका का?

पण त्या गेममध्येही एक जागा उघडी आहे, आणि तिथेच मी सगळ्यात जास्त रमले. कोठार वाढवायचं तर बोल्ट, फळ्या आणि चिकटपट्टी सारख्या संख्येने लागतात. धान्याची कोठी वाढवायला खिळे, स्क्रू आणि लाकडी पट्ट्या. या वस्तू पिकवता येत नाहीत. काढणी करताना अधूनमधून नशिबाने मिळतात. मागणी अफाट, आणि भाव कंपनीने बांधलेला. त्यामुळे त्यांची खरी किंमत नाण्यांत निघतच नाही. जाणती माणसं त्या विकत नाहीत, बदलतात. तुझे बोल्ट, माझ्या फळ्या. आणि दुकानात अदलाबदलीची सोय नाही! एकाने आधी आपला माल जाहिरात न देता, नाममात्र भावाने खोक्यात ठेवायचा, दुसऱ्याने येऊन तो उचलायचा आणि मग आपला ठेवायचा. मधल्या वेळात पहिल्याच्या हातात काहीच नसतं. दुसरा गायब झाला तर तक्रार ऐकायला कुणी नाही. शिवाय तेवढ्यात तिसराच कुणी दुकानावर आला तर तोही माल उचलून जाऊ शकतो.

या गेममध्ये खेळाडूंचे गट असतात, नेबरहूड म्हणतात त्यांना, तीस जणांपर्यंतचे. आमच्या गटात सांगली, नाशिक, पुण्याकडच्या बायका होत्या, दोन-तीन कॉलेजची पोरंही. अदलाबदलीवरून भांडणं झाली तेव्हा आम्ही आमचे नियम घातले. नवीन माणसाने आधी माल ठेवायचा. दहाचा व्यवहार असेल तर एकदम दहा ठेवायचे नाहीत. दोन ठेवायचे, समोरून दोन आले की पुढचे दोन. कुणी फसवलं तर सगळ्यांसमोर सांगायचं आणि गटातून काढायचं. एवढ्याने भांडणं जवळपास थांबली. एकमेकींचे चेहरे न बघितलेल्या बायकांनी हे उभं केलं याचं मला आजही कौतुक वाटतं.

पुतण्या इंजिनिअरिंगला होता, कॉलेज बंद म्हणून घरी. त्याला हे दाखवलं तर तो म्हणाला, "काकी, ह्याच्यावर लई आधीच तोड काढल्या लोकांनी." रूनस्केप नावाच्या जुन्या गेममधली देवघेवीची खिडकी त्याने मला दाखवली. दोन्ही खेळाडू आपापली वस्तू एकाच खिडकीत ठेवतात. दोघांनी होकार दिला की दुसरी खिडकी उघडते, काय देताय आणि काय घेताय ते पुन्हा एकदा दाखवते, आणि दोघांनी दुसऱ्यांदा हो म्हटलं तरच माल इकडचा तिकडे होतो, तोही एकाच वेळी. आधी कोण हा प्रश्नच उरत नाही. सासरे शेजारी बसून ऐकत होते. ते म्हणाले, बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, पण पैसे मोजून झाल्याशिवाय दावं गिऱ्हाइकाच्या हातात पडायचं नाही. खिडकी म्हणजे तेच की.

तरीही खिडकीने सगळं भागत नाही. रूनस्केपमध्ये खऱ्या पैशांनी गेममधलं सोनं विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा कंपनीने २००८ च्या सुरुवातीला असमान किमतीची देवघेवच बंद केली. मित्राला एखादी वस्तू भेट देणंही अवघड झालं. खेळाडूंचा कौल घेऊन ती १ फेब्रुवारी २०११ ला पुन्हा सुरू करावी लागली. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात तर काउंटर-स्ट्राइक या गेममधल्या बंदुकांचे रंग खऱ्या पैशांच्या भावाने हातोहात फिरतात. डिसेंबर २०१५ मध्ये स्टीमच्या कंपनीने स्वतःच सांगितलं की दर महिन्याला सुमारे ७७ हजार खाती चोरून लुटली जातात. मग ज्यांनी मोबाईलवरून खात्री करण्याची सोय घेतलेली नाही त्यांचा माल काही दिवस अडकवून ठेवायला सुरुवात झाली. रॉकेट लीग या गेमने ५ डिसेंबर २०२३ पासून खेळाडूंमधली देवघेव कायमची काढून टाकली. मला हा शेवटचा मार्ग मुळीच पटत नाही. चोर आहेत म्हणून बाजारच उठवला तर नुकसान सरळ माणसाचंच होतं.

आमच्याकडची पोरं खेळायची तो पबजी. त्यात एकमेकांना वस्तू विकायची सोय नाही, म्हणून पोरं अख्खी आयडीच विकायची. ठरलेल्या रकमेतले अर्धे पैसे आधी, अर्धे पासवर्ड मिळाल्यावर. पुतण्याच्या एका मित्राने अशी आयडी घेतली. विकणाऱ्याने मूळ मेल वापरून ती आठवड्यात परत ओढून घेतली. त्यानंतर २ सप्टेंबर २०२० ला सरकारने गेमवरच बंदी घातली. पोराचे पैसे गेले ते गेलेच. कुठे जाऊन सांगणार? जो व्यवहार कंपनीच्या नियमातच बसत नाही, त्याला दाद कोण देणार?

पुढच्या एका हंगामात आमच्यावर तीच पाळी आली. बाहेरून आलेला एक व्यापारी, गावात खोली घेऊन राहिलेला. पहिल्या तोड्याचे पैसे चोख, दुसऱ्याचेही. भाव इतरांपेक्षा चढा. शेवटचा मोठा माल गेला आणि फोन बंद लागला. खोलीला कुलूप. तासगाव, पलूस, मिरज भागात अशा बातम्या हंगामाला पेपरात येतात. आपल्या घरची बातमी झाली की काय वाटतं ते मी लिहू शकत नाही. चार महिने फवारणीच्या मागे धावून दावण्या, भुरी या रोगांतून वाचवलेला माल होता तो.

त्या उन्हाळ्यात मी वही पुढे घेऊन बरेच दिवस विचार केला. दूध डेअरीला आपण आधीच घालतो, बिल दहा दिवसांनी येतं. उसाचंही तेच. कायद्याने गाळपाला ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, म्हणजे तिथेही शेतकरीच आधी. मग तिथे रात्रीची झोप का उडत नाही? कारण डेअरी भिलवडीतून आणि कारखाना कुंडलहून रातोरात उठून जात नाही. उशीर झाला तर दारात जाऊन बसता येतं, आंदोलन करता येतं. द्राक्षाचा व्यापारी मात्र वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकासारखा आहे, आणि त्याच्यापुढे खोकं आम्ही आधीच उघडून ठेवतो. २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे. बांधावर विकायची मोकळीक मिळाली हे चांगलंच. पण त्या बांधावर खिडकी कुणीच बसवलेली नाही.

मग मी आमच्या गटातला दोन-दोन नगांचा नियम घरात मांडला. नवऱ्याला तो लगेच पटला. दिरांना नाही. "वैनी, असं केलं तर येपारी दुसऱ्याच्या बागंत जाईल," ते म्हणाले, आणि ते खरंही झालं. पहिला आलेला व्यापारी अट ऐकून निघून गेला. दुसऱ्याने मान्य केली. सौदा ठरताना इसार घ्यायचा. एका दिवसात काढायचा तेवढाच माल काढायचा, संध्याकाळपर्यंत त्याचे पैसे खात्यावर, तर दुसऱ्या दिवशी कात्री लागणार. शेवटच्या तोड्याचे पैसे गाडी भरण्याआधी. शेजारच्या तीन-चार बागायतदारांनीही हीच अट धरली, म्हणून ती टिकली. एकट्याची टिकली नसती.

यात तोटाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. अट घातली की पेटीमागे भाव थोडा पडतो. कुणाला बँकेचा हप्ता तोंडावर असतो, कुणाची बाग पावसाच्या भीतीने लवकर मोकळी करायची असते, त्यांना व्यापारी सोडवत नाही. अशांना अट धरायला सांगणं मला जमत नाही. त्यांच्यासाठी बाजार समितीने किंवा एखाद्या बँकेने मध्ये उभं राहायला हवं. व्यापाऱ्याने काढणीआधी रक्कम तिथे ठेवायची, वजनाची चिठ्ठी दोघांनी मान्य केली की ती शेतकऱ्याच्या खात्यावर वळायची. गेम खेळणाऱ्या पोरांना जी सोय वीस वर्षांपूर्वी मिळाली, ती कष्टाने पिकवलेल्या मालाला मिळायला काय अडचण आहे, हे मी आमच्या भागातल्या बागायतदारांच्या बैठकीत उभं राहून विचारलं. काही जणांनी नावं लिहून दिली आहेत. यंदाची ऑक्टोबर छाटणी झाली की पुन्हा बसायचं ठरलं आहे. दीर अजून भावाच्याच बाजूने आहेत, पण बैठकीला ते येणार आहेत.